आगीनेच उघडणारा व्हॉल्व्ह

जेट इंजिनाचा पुढचा मोठा पंखा ज्या कड्यात फिरतो त्याला फॅन केस म्हणतात. प्रवाशाला दिसतं ते त्यावरचं गुळगुळीत झाकण, म्हणजे काउल. झाकण उघडलं की आत पाइप, तारांचे जुडगे, तेलाची टाकी अशी नुसती दाटीवाटी. याच दाटीत फॅन केसवर एक ॲल्युमिनियमची पेटी बसवलेली असते, ती म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. वैमानिक थ्रॉटल पुढे सारतो तेव्हा तो फक्त मागणी नोंदवतो. इंधन किती सोडायचं ते ही पेटी ठरवते.

आता याच खणात तेल गळून आग लागली तर? प्रमाणित ज्वाळा १,१०० अंश सेल्सिअसची धरतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पेटीतले बरेचसे इलेक्ट्रॉनिक भाग १२५ अंशांपर्यंतच भरवशाचे. नियम सांगतो की आगीच्या क्षेत्रात बसवलेले कंट्रोलचे भाग किमान पाच मिनिटं तग धरणारे हवेत. त्या पाच मिनिटांत कॉकपिटमध्ये घंटा वाजते, वैमानिक खात्री करून घेतो, थ्रॉटल मागे ओढतो, इंधन बंद करतो आणि फायर हँडल खेचतो. तेवढ्या वेळात कंट्रोलरने भलतंच काही करता कामा नये. म्हणजे इंधन अचानक वाढवणं नको, आणि बंद करायला सांगितल्यावर न ऐकणं तर नकोच नको.

बेंगळुरूमधल्या ज्या डिझाइन ऑफिसात मी काम करते, तिथे इंजिनाच्या बाहेरच्या अंगाचे भाग तयार होतात: डक्ट, ब्रॅकेट, छोटे व्हॉल्व्ह. इंजिन बनवणारी कंपनी परदेशातली. त्यांच्याकडून एक मागणी आली. खणात आग लागली की या पेटीभोवती पंख्यामागची थंड हवा आपोआप सुरू झाली पाहिजे. तारेवाचून, सेन्सरवाचून, कोणाच्याही आज्ञेवाचून.

तारेवाचून का, हा प्रश्न आमच्यातल्या एका नव्या मुलाने पहिल्याच बैठकीत विचारला. सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारा व्हॉल्व्ह लावला तर काम चुटकीसरशी होईल, आग ओळखणारा लूप तर खणात असतोच, असं त्याचं म्हणणं. मी त्याला ४ नोव्हेंबर २०१० ची क्वांटास ३२ ची गोष्ट सांगितली. सिंगापूरहून निघालेल्या त्या ए-३८० चं दोन नंबरचं इंजिन हवेत फुटलं आणि त्याच्या तुकड्यांनी पंखातल्या तारा कापल्या. विमान सुखरूप उतरलं, ४६९ माणसं वाचली. पण उतरल्यावर एक नंबरचं धडधाकट इंजिन काही केल्या बंद होईना, कारण बंद करण्याचा हुकूम नेणाऱ्या ताराच तुटल्या होत्या. अग्निशमन दलाने जवळजवळ तीन तास पाण्याचा आणि फेसाचा मारा केला तेव्हा कुठे ते थांबलं. जिथे सगळं नीट चाललेलं नाही तिथेच ज्या वस्तूची गरज पडणार, ती दुसऱ्या कशावर अवलंबून ठेवायची नाही. आग आहे तिथे उष्णता असणारच, त्यामुळे तिलाच कामाला लावायचं ठरलं.

यात नवं काही नाही. आपल्या प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह याच तत्त्वाचा: आतलं पाणी आटलं की त्यातला मऊ मिश्रधातू वितळतो आणि वाफ निसटते. मॉलच्या छतावरच्या स्प्रिंकलरमध्ये काचेची लाल नळी असते, ती ६८ अंशांना फुटते. विमानाच्या चाकात असेच वितळणारे प्लग असतात. ब्रेक लालबुंद झाले की टायर फुटण्याऐवजी हवा निमूट निघून जाते. आमचा व्हॉल्व्ह त्याच कुळातला. स्प्रिंग दाबून ठेवायची, तिला एका पिनने अडवायचं आणि पिनच्या बुडाशी मिश्रधातूची छोटी गोळी ठेवायची. गोळी वितळली की पिन खाली बसते, स्प्रिंग सुटते, हवेची वाट अडवणारी फडकी उघडते.

चित्र काढायला सोपं आहे. काम सुरू झालं ते गोळी कशाची, इथून.

कथिल आणि बिस्मथचं युटेक्टिक मिश्रण १३८ अंशांना वितळतं, कथिल-शिशाचं १८३ ला, कथिल-चांदीचं २२१ ला. युटेक्टिक घ्यायचं कारण असं की ते लापशीसारखं मऊ होत बसत नाही. ठरलेल्या तापमानाला घन असतं ते पातळ होतं. १३८ चा मिश्रधातू मला आधी मोहात पाडत होता, कारण तो सगळ्यांत लवकर जागा होणार. पण विमान उतरून इंजिन बंद झालं की आतल्या गाभ्याची उष्णता बाहेर पसरत राहते, आणि पंखा थांबलेला असल्याने ती वाहून न्यायला हवा नसते. उड्डाणापेक्षा या वेळेला आमच्या जागेचं तापमान जास्त चढतं, शंभराच्या थोडं वर. हे दिवसातून चारपाचदा, वीस-पंचवीस वर्षं. वितळबिंदूच्या इतक्या जवळ राहणारा मऊ धातू दाबाखाली हळूहळू सरकतो. वितळत नाही, पण चेपत जातो. एक दिवस आग नसताना पिन सुटणार आणि व्हॉल्व्ह उघडणार.

२२१ चं काय? भर ज्वाळेत १८३ आणि २२१ मधलं अंतर दोन-तीन सेकंदांत कापलं जातं, तिथे फरक पडत नाही. पण आग खणाच्या दुसऱ्या टोकाला असली आणि आमच्यापर्यंत नुसती तापलेली हवा येत असली, तर तेच चाळीस अंश महाग पडतात. म्हणून १८३.

आढावा बैठकीत गिऱ्हाइकाच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरने एकच प्रश्न विचारला आणि सगळी खोली गप्प झाली. पेटीतल्या सर्किट बोर्डांचे टाके कथिल-शिशाचेच आहेत, तेही १८३ लाच वितळतात. मग आधी कोण वितळणार? प्रश्न अगदी बरोबर होता. साहजिकच व्हॉल्व्हला पेटीच्या कितीतरी आधी उष्णता मिळाली पाहिजे, आणि ती गोळीपर्यंत पळत गेली पाहिजे. पहिल्या नमुन्याचं अंग जाड स्टीलचं होतं, आणि स्टीलमधून उष्णता रमतगमत जाते. आम्ही गोळीची वाटी तांब्याची केली, तिला पातळ तांब्याच्या पात्यांचा झुपका लावला आणि तो झुपका व्हॉल्व्हच्या अंगाबाहेर, सरळ आगीच्या वाटेत काढला. वाटी आणि स्टीलचं अंग यांच्यामध्ये सिरॅमिकची चकती घातली, म्हणजे गोळा केलेली उष्णता अंगात झिरपून वाया जाऊ नये. झुपक्याचं वजन मोजके ग्रॅम. हलकं असेल ते लवकर तापतं, इतका साधा हिशेब. तांब्यावर निकेलचा थर दिला, कारण कथिल वर्षानुवर्षं तांबं खात राहतं आणि दोघांच्या सीमेवर वेगळंच ठिसूळ संयुग तयार होतं, जे १८३ ला वितळत नाही.

याच सुमाराला एक गोष्ट कळली, जी मी आजही नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगते. कार्यशाळेत दोन्ही मिश्रधातूंचे नमुने चालू होते, बिस्मथवाले आणि शिसेवाले. हे दोन एकमेकांत मिसळले तर कथिल, शिसं आणि बिस्मथ या तिघांचं एक वेगळंच युटेक्टिक तयार होऊ शकतं, आणि त्याचा वितळबिंदू ९६ अंशांच्या आसपास! म्हणजे गोळीत थोडंसं बिस्मथ शिरलं तरी तिचा काही भाग इंजिन बंद केल्यावरच्या नेहमीच्या उष्णतेतच पातळ व्हायचा. बाहेरून बघणाऱ्याला गोळीकडे पाहून काहीच कळणार नाही. तेव्हापासून बिस्मथची भांडी, हातमोजे, कानशीसुद्धा वेगळ्या खोलीत, आणि गोळ्यांच्या प्रत्येक लॉटमधला नमुना कॅलरीमीटरमध्ये, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या यंत्रात, तापवून त्याचा आलेख बघितल्याशिवाय लॉट पुढे जात नाही. आलेखात १८३ ला एक उभं टोक हवं. ९६ जवळ लहानसा फुगवटा जरी दिसला तरी सगळा लॉट भट्टीत.

सरकण्याचा प्रश्न १८३ नेही पुरता सुटत नव्हता. मग स्प्रिंगचा सगळा भार गोळीवर न टाकता मध्ये पोलादी छर्ऱ्यांचं कुलूप घातलं. छर्रे भार झेलतात. गोळीवर येतो तो भाराचा अगदी छोटा हिस्सा, आणि तोही सगळीकडून बंदिस्त वाटीत दाबाचा, कातरण्याचा नाही. स्प्रिंग निकेलच्या मिश्रधातूची, कारण साधी स्प्रिंग आगीत आपला ताण विसरते आणि फडकी ढकलायला तिच्यात जोरच उरत नाही.

आणखी एक गंमत नमुन्यांनी दाखवली. गोळी वितळायला लागते, पिन थोडी सरकते, फडकी किलकिली होते आणि तिथून थंड हवा आत घुसते. त्या हवेने अर्धवट वितळलेली गोळी पुन्हा गोठते! व्हॉल्व्ह अर्धाच उघडून बसतो. उपाय असा निघाला की पिन पूर्ण सरकेपर्यंत छर्रे अजिबात सुटायचे नाहीत, आणि सुटले की फडकी एका झटक्यात टोकाला जाऊन तिथल्या खटक्यात अडकायची. मधली स्थितीच ठेवायची नाही. वितळलेला थेंब जायला वाटीखाली खिसा केला.

पण सगळ्यांत कडाक्याचा वाद व्हॉल्व्हवर झालाच नाही, झाला तो हवेवर.

आग लागलेल्या खणात हवा सोडायची म्हणजे आगीला खाऊ घालायचं नाही का? शिवाय त्याच खणात आग विझवायला हॅलॉन १३०१ सोडतात. त्याची अट अशी की खणातल्या बारा ठिकाणी एकाच वेळी निदान अर्धा सेकंद त्याचं प्रमाण ६ टक्के भरलं पाहिजे. आम्ही ताजी हवा आत सोडली तर हॅलॉन पातळ होणार. पेटी वाचवण्याच्या नादात आगच विझणार नाही असं व्हायचं. अग्निशमन बघणाऱ्या गटाने या मुद्द्यावर आमचा पहिला आराखडा साफ उडवून लावला, आणि माझ्या मते त्यांनी फार चांगलं काम केलं. नंतरच्या आराखड्यात पेटीभोवती दुहेरी पत्र्याचं जाकीट आलं. हवा व्हॉल्व्हमधून जाकिटात शिरते, पेटीभोवती फिरते आणि बंद डक्टमधून खणाच्या बाहेर जाते. आगीच्या खणात तिचा एक श्वासही सुटायचा नाही. त्यामुळे जाकीट, डक्ट, जोडांवरच्या पट्ट्या हे सगळंच ज्वाळेत टिकणारं करावं लागलं. व्हॉल्व्हपेक्षा त्या डक्टचं वजन आणि दर्जा सांभाळायला जास्त मेहनत पडली.

हवा थंड म्हणतो तीही सापेक्षच. ४५ अंशांच्या दुपारी टेकऑफला पंख्याने हवेचा दाब दीडपट केला की गणिताने ती ८० अंशांच्या पुढे जाते. तरी तेव्हा निदान दाब भरपूर असतो, प्रवाह जोरात असतो. खरी कसोटी उतरताना, इंजिन आयडलला म्हणजे अगदी मंद चालत असताना, कारण पंख्यामागचा दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम जास्त आणि जाकिटात जाणारी हवा अगदी थोडी. चाचणी त्या थोड्या हवेवर उत्तीर्ण व्हायला हवी, असं आम्हीच लिहून दिलं.

मुंबईला सुट्टीत गेले असताना हे सगळं मी आमच्या ओळखीतल्या एका काकांना सांगत होते. त्यांची उभी हयात सांताक्रूझच्या हँगरमध्ये गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अगं, आगीत तो उघडेल हे मान्य. पण आग नसताना तो आधीच उघडून बसलाय की बंद आहे, हे रात्री दोन वाजता शिडीवर चढून टॉर्च मारणाऱ्याला कसं कळायचं? काउल उघडायला लावू नकोस हं त्याला.”

मी परत आल्यावर पहिलं काम तेच केलं. फडकीच्या दांड्याला लाल रंगाचा खुंटा जोडला. व्हॉल्व्ह बंद असेपर्यंत तो आत. उघडला की बाहेर येतो आणि काउलवरच्या छोट्या दारातून, आरशावाचून, सरळ दिसतो. मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये त्यासाठी एक ओळ लागली. मला आमच्या सगळ्या आराखड्यात ती ओळ फार मोलाची वाटते, कारण काहीही न करता वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या भागाचा बिघाड कोणालाच दिसत नाही आणि तोच घातक.

आगीच्या चाचणीच्या आधी बाकीचा छळ असतो. उणे ५५ अंशांत गोठवणं, भट्टीत तापवणं, हे पुन्हा पुन्हा. थरथराट. मिठाचा फवारा. फडकीवर पाणी ओतून गोठवायचं आणि स्प्रिंग बर्फ फोडून बाहेर येते का ते पाहायचं. आणि ते जांभळं हायड्रॉलिक तेल, ज्याचा एक थेंब हाताला लागला तरी चुरचुरतं. त्यात बुडवून ठेवलेल्या पहिल्या सीलचा चिकट लगदा झाला, सील बदललं.

आगीची चाचणी ब्रिटनमधल्या एका प्रयोगशाळेत होती. विमानयोग्यता प्राधिकरणाचे प्रतिनिधी साक्षीला. ज्वाळा नेमकी कुठे लावायची यावरच आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत चर्चा चालली. झुपक्यावर सरळ मारली तर व्हॉल्व्ह लगेच उघडणार, ते आमच्या सोयीचं. प्रतिनिधींनी ती जाकिटाच्या कोपऱ्यावर घ्यायला लावली, जिथून झुपक्याला फक्त कड लागेल. मला तेच पटलं.

प्रोपेनचा बर्नर आधी बाजूला वळवून पेटवतात. थर्मोकपलच्या रांगेने तापमान बघतात, मग तांब्याच्या नळीतून पाणी सोडून ते किती तापतं यावरून उष्णतेचा मारा मोजतात. चौरस मीटरला ११६ किलोवॉट भरला पाहिजे. थोडं कमी भरलं, गॅसचं प्रमाण बदललं, पुन्हा मोजलं. यात तासभर गेला. मग बर्नर फिरवून नमुन्यासमोर आणला आणि घड्याळ चालू झालं.

बर्नरचा आवाज जाड काचेतूनही छातीत जाणवतो. माझे डोळे नमुन्याकडे नव्हते, पडद्यावरच्या हवेच्या प्रवाहाच्या रेषेवर होते. ती तळाशी सपाट पडलेली. आमची अट दहा सेकंदांची. आठव्या सेकंदाला रेषा उभी चढली आणि वर जाऊन पुन्हा सपाट झाली. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण मला पुढची पाच मिनिटं बघायची होती. दुसऱ्या मिनिटात जाकिटाचा बाहेरचा पत्रा नारिंगी झाला आणि फुगला. तिसऱ्या मिनिटात ज्वाळेच्या कडेला हिरवी झाक आली. प्रतिनिधींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, झुपक्याचं तांबं जळतंय, त्याचं काम आठव्या सेकंदालाच संपलंय. त्यांनी वहीत नोंद केली. पेटीच्या आतलं तापमान चढत होतं, पण संथपणे, आणि पाच मिनिटं झाली तेव्हा मर्यादेच्या खाली होतं. आत बसवलेला कंट्रोलर शेवटी पाठवलेला बंदचा हुकूम बिनचूक घेऊन मोकळा झाला. बर्नर बाजूला झाल्यावर नमुन्यावर काहीही जळत राहिलं नाही.

थंड झाल्यावर तो उघडला तेव्हा फडकी खटक्यात घट्ट बसलेली होती, लाल खुंट्याचा रंग पार उडालेला, पण खुंटा बाहेर. खिशात गोठलेला कथिल-शिशाचा थेंब. झुपक्याची अर्धी पाती नाहीशी झालेली.

आता आमच्या ऑफिसात नवा वाद आहे. जो व्हॉल्व्ह विमानावर जाणार तो स्वतः कधीच तपासता येत नाही. तपासला की संपला. आम्ही प्रत्येक लॉटमधले काही फोडून बघतो आणि उरलेल्यांवर विश्वास ठेवतो. सोलेनॉइडचा प्रश्न विचारणारा तो मुलगा आता निकेल-टायटॅनियमच्या आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूवर काम करतो. तो तापला की आपल्या जुन्या आकाराला येतो, आणि पुन्हा ताणून बसवता येतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह भट्टीत उघडून खात्री करून मगच विमानावर पाठवता येईल. साध्या निकेल-टायटॅनियमची मजल शंभर अंशांच्या आसपास संपते, म्हणून त्यात हॅफ्निअम घालून तो तापमान वर नेतोय. त्याचा मुद्दा मला मान्य आहे. माझी अट एवढीच की हजारो वेळा इंजिनाची उष्णता सोसल्यावर त्या धातूचं बदलण्याचं तापमान घसरत नाही ना, हे आधी दाखव. या इंजिनासाठी गोळीच कायम राहिली आहे. त्या मुलाचे नमुने भट्टीत लागले आहेत, आणि पहिला आलेख पुढच्या महिन्यात येईल.